मधोमध नक्षी बदलणारा दोर, आणि आमचा ब्रॅड

सरळ दोरावरच येतो, कडे चढायच्या म्हणजे क्लाइंबिंगच्या दोरावर. ७० मीटर लांब, ९.५ मिलिमीटर जाड, डायनॅमिक (म्हणजे पडल्यावर ताणून झटका खाणारा), ड्राय ट्रीटमेंटवाला (पाणी कमी शोषणारा), आणि बायपॅटर्न. बायपॅटर्न म्हणजे एका टोकापासून अर्ध्यापर्यंत एक नक्षी आणि बरोबर मध्यावर विणच बदलते, पुढचा अर्धा दोर वेगळा दिसतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण असे दोर बऱ्याच चांगल्या कंपन्या करतात आणि मला जे सांगायचंय ते त्या विणीबद्दल आहे. आम्ही कोल्हापूरच्या चौघांनी वर्गणी काढून घेतला, पुण्याहून ओळखीतनं मागवला. किंमत भारीच आहे, साध्या दोरापेक्षा बऱ्यापैकी जास्त, एकट्याला झेपली नसती. तरी हाच घ्यायचा हे ठरलेलं होतं आणि त्याचं कारण ब्रॅड गोब्राइट.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कॅलिफोर्नियाचा पोरगा, १९८८ चा जन्म. क्लाइंबिंगच्या जगात त्याचं नाव एकदम मोठं झालं ते २१ ऑक्टोबर २०१७ ला, जेव्हा त्यानं आणि जिम रेनॉल्ड्सनं योसेमिटीतल्या एल कॅपिटनवरचा नोज रूट, म्हणजे चढायची वाट, २ तास १९ मिनिटं ४४ सेकंदात मारला. जवळपास ९०० मीटरचा कडा आहे तो, भले भले तिथं कड्यावर मुक्काम करत तीन-चार दिवसांत चढतात. आधीचा रेकॉर्ड हान्स फ्लोरिन आणि अलेक्स होनोल्डचा होता, २०१२ पासून कुणी हलवला नव्हता, यांनी चार मिनिटांनी खाली आणला. पुढच्याच वर्षी होनोल्ड आणि टॉमी कॉल्डवेलनं तो परत मोडला आणि दोन तासांच्या आत गेले ती गोष्ट वेगळी, पण आमच्यासाठी ब्रॅडच. कारण तो हिरोसारखा दिसायचाच नाही. डोक्यावर विस्कटलेले केस, खायला पॅकेटातले डोनट, राहायला जुनी गाडी, आणि चढायला लागला की नाद खुळा! पाठीचं हाड मोडून घेऊन परत कड्यावर उभा राहिलेला माणूस आहे तो. आम्ही इकडं कमरेला बांधायच्या जुन्या हार्नेसला टाके घालायचे की नवा घ्यायचा यावर वाद घालत बसायचो (टाके कधीच घालू नका, नवाच घ्या), तेव्हा तो आम्हाला आपल्यातलाच वाटायचा, पैसा नाही स्पॉन्सरचा थाट नाही पण रोज उठून कड्यावर जाणारा. त्याचे व्हिडिओ आम्ही किती वेळा बघितलेत त्याला गणती नाही.

२७ नोव्हेंबर २०१९ ला तो गेला. मेक्सिकोत एल पोत्रेरो चिको म्हणून चुनखडीच्या कड्यांची जागा आहे, तिथं एल सेंदेरो लुमिनोसो हा रूट. चढून झालं होतं, उतरत होते. ३१ वय. आणि कशानं गेला ते कळल्यावर आमच्यातल्या एकानं फोन बाजूला ठेवून बराच वेळ कुणाशी बोलणंच सोडलं होतं.

ब्रॅड आणि त्याचा जोडीदार सायमल-रॅपेल करत होते, रॅपेल म्हणजे दोरावरून उतरणं आणि हे दोघांनी एकदम. म्हणजे दोर अँकरच्या (खडकात पक्क्या केलेल्या आधाराच्या) रिंगमधून ओवायचा, एका बाजूच्या दोरावर एक जण, दुसऱ्या बाजूवर दुसरा, दोघं एकाच वेळी उतरतात आणि एकाच्या वजनावर दुसरा तोललेला असतो. वेळ वाचतो. पण यात दोन गोष्टी झाल्याच पाहिजेत, दोराचा मध्य रिंगमध्ये असला पाहिजे आणि दोन्ही टोकांना गाठ पाहिजे. त्या दिवशी ८० मीटरच्या त्यांच्या दोराच्या दोन बाजू सारख्या नव्हत्या आणि टोकांना गाठी नव्हत्या. ब्रॅडच्या बाजूचा दोर संपला, टोक त्याच्या हार्नेसवरच्या उतरायच्या डिव्हाइसमधून निसटलं, तो गेला, आणि तोल गेल्यामुळं जोडीदारही पडला. जोडीदार खालच्या टप्प्यावर अडकला म्हणून वाचला. एवढा अवघड रूट चढून वर गेलेला माणूस, दोर चांगला, अँकर चांगला, हवा चांगली, आणि हे असं.

आता दोराकडं येतो. साध्या दोरावर मध्याला शाईची खूण असते. नवीन असताना काळीकुट्ट ठळक दिसते. पण आपल्याकडं मसाई पठाराच्या अंगाला, जोतिबाच्या मागं, गगनबावड्याकडं कुठंही जा, तांबडी माती आणि जांभ्याचा भुगा दोरात बसतो तो बसतोच. सीझन संपेपर्यंत खूण कुठली आणि मळ कुठला हे डोळे फाडून बघावं लागतं. मग कुणीतरी म्हणतं मार्करनं परत काढू या, तेही करू नका, कुठल्याही मार्करची शाई चालत नाही, नायलॉनवर काय परिणाम करेल सांगता येत नाही, कंपनी स्वतः जो मार्कर देते तोच वापरायचा. बायपॅटर्नमध्ये हा विषयच संपतो. खूण विणीतच आहे, पुसायला काही नाहीच.

वर अँकरपाशी बसलं की फरक कळतो. रिंगमधून दोर ओढत राहायचं, हातातनं जाणारी नक्षी बदलली की थांबायचं, बस. दोन्ही टोकं एकत्र धरून सगळा दोर मापत बसायला नको. आमच्या सरावाच्या कातळाखाली करवंदीची दाट जाळी आहे, टाकलेला दोर त्यात गेला की टोक जमिनीला टेकलंय का मध्येच लटकतंय हे वरून अजिबात दिसत नाही, जाळी हलते आणि आपल्याला वाटतं टेकला असेल. अशा ठिकाणी रिंगपाशी मध्य डोळ्यांनी दिसणं याची किंमत मी पैशात सांगू शकत नाही. तिथं एका नव्या पोरानं विचारलं होतं, "दादा, दोर तर भुईला टेकलाय की, आता गाठ कशाला?" आमच्यातला सगळ्यात शांत माणूस, तो म्हणाला, "टेकू दे की. मार गाठ." आणि पोरानं गाठ मारेपर्यंत हा शांत माणूस स्वतःचा डिसेंडर, म्हणजे उतरायचा डिव्हाइस, लावायला तयार नव्हता.

कारण हे पण स्पष्ट लिहितो, हा दोर घेतला म्हणून गाठ सुटत नाही. मध्य बरोबर असला तरी ७० चा दोर दुहेरी केला की ३५ मीटरच उरतात आणि खालचा टप्पा ३८ मीटर खाली असला तर मध्य बरोबर असून काय उपयोग. दोन्ही टोकांना वेगवेगळी बॅरल नॉट (टोकाला मारायची जाड घट्ट गाठ), शेपूट हातभर सोडायची. दोन टोकं एकत्र बांधू नका, दोराला पीळ पडला की तो निघायला जागाच राहत नाही. गाठ खडकात अडकते, वाऱ्यात उडून झाडात बसते, ओढताना सोडायची विसरली की दोर वरच राहतो, ही सगळी कारणं खरी आहेत आणि अनुभवी लोक हीच सांगून गाठ टाळतात. दोर अडकला तर अर्धा तास जातो. अडकू दे.

बाकी वापराचं. ९.५ आमच्यासारख्यांना मधला मार्ग आहे, लीडला (पहिला माणूस दोर घेऊन वर जातो तेव्हा) जड होत नाही आणि टॉप रोपवर (दोर आधीच वरून लावलेला असतो तेव्हा) नवी पोरं लटकली तरी लगेच पिंजत नाही. फक्त खालून चढणाऱ्याचा दोर सांभाळायचा तुमचा बिले डिव्हाइस किती जाडीपर्यंत चालतो ते त्याच्यावर कोरलेलं असतं ते वाचा, जुन्या जाड दोरावर सवय झालेल्या हाताला हा सुरुवातीला सटासट पळतो, कोऱ्या दोराला तर जास्तच. सिंगल म्हणजे एकटाच वापरायच्या दोराचं स्टँडर्ड असं आहे की ८० किलोचं वजन टाकून किमान ५ मोठे फॉल झेलले पाहिजेत आणि पहिल्या फॉलचा झटका १२ किलोन्यूटनच्या आत पाहिजे, याच्या पॅकिंगवरचे आकडे त्याहून बरेच चांगले होते. तो कागद फेकू नका, दोराच्या पिशवीतच ठेवा, घेतल्याची तारीख पण त्यावरच लिहा.

ड्राय ट्रीटमेंटसाठी जादा पैसे द्यावे का, यावर आमच्यात भांडण झालं होतं. पावसाळ्यात आपण चढत नाही मग कशाला, हा एक पक्ष. पण भिजलेला दोर जड तर होतोच, त्याची ताकदही कमी होते, आणि गगनबावड्याकडं पहाटेचं धुकं नोव्हेंबरात पण दोर ओला करतं, शिवाय माती कमी चिकटते. माझं मत, द्यावे. धुताना मोठ्या टबात कोमट पाणी, साबण पावडर नाही, आणि वाळवायचा सावलीत, गच्चीवर उन्हात टाकायचा नाही. आमच्याकडं तो जिन्यात वाळतो आणि आई न बोलता त्याच्यावरून पाय उचलून जाते, कारण दोरावर पाय द्यायचा नाही हे तिला माझ्याआधी पटलंय.

न आवडलेलं पण आहे. आमच्या दोराच्या दोन्ही नक्ष्या निळ्यातच आहेत, एक निळी-हिरवी आणि एक निळी-काळी. दिवसा ठीक, पण अंधार पडल्यावर हेडटॉर्चच्या पांढऱ्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात, आणि खरी गरज नेमकी तेव्हाच असते, दमलेलो असतो, उशीर झालेला असतो. हाताला पण फरक लागत नाही. घेणार असाल तर फोटोवर जाऊ नका, दोन अर्धे रंगानं एकदम विरुद्ध असतील असाच निवडा. दुसरं, टोक खराब झालं म्हणून एका बाजूचा तुकडा कापला की मध्य हलला. मग नक्षी बदलते तो मध्य राहिलाच नाही आणि दोर तुम्हाला चुकीचं सांगायला लागतो, तेही अगदी ठळकपणे. कापायचाच तर दोन्ही बाजूनं सारखा मापून कापा आणि उरलेली लांबी टोकाच्या टेपवर लिहा. हे दुकानदार सांगत नाहीत, मला तरी कुणी सांगितलं नव्हतं.

दरवर्षी २७ नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी आम्ही त्याच कातळावर जातो. हार नाही, भाषण नाही. ज्यानं त्या वर्षी शिकायला सुरुवात केली तो वर अँकर लावतो, मध्य दाखवतो, मोठ्यानं ओरडतो, "मध्य! गाठ! गाठ!" आणि खालून दोघं आपापलं टोक हातात धरून "गाठ!" म्हणून परत ओरडतात, मगच पहिला माणूस उतरतो. ब्रॅड गेला त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, जानेवारी २०२० मध्ये, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर अरुण सावंत सर गेले. सांधण दरीची वाट ज्यांच्यामुळं इतक्या लोकांना कळली ते. तेव्हापासून त्यांचंही नाव त्याच दिवशी घेतो. मग कोल्हापुरात येऊन मिसळ, कट जादा, आणि पोरांना ब्रॅडचे किस्से. ज्यांनी त्याला जिवंत असताना बघितलं नाही ती पोरं आता नोजवरची वेळ सेकंदासकट सांगतात.

तर घ्यावा का? चार-पाच जणांचा ग्रुप असेल, नवी पोरं शिकवत असाल, तर नक्की. फक्त टॉप रोपवर सराव करणार असाल तर साधा ६० मीटरचा दोर पुरे, वाचलेल्या पैशात दोन हेल्मेट येतात, ती आधी घ्या. सेकंडहँड कुणाचा मिळतोय म्हणून दोर घेऊ नका, बायपॅटर्न असला तरी नाही, त्यानं किती फॉल खाल्लेत आणि टोक कधी कापलंय हे तुम्हाला कळणार नाही. आमचा दोर हातात घेऊन बघायचा असेल तर डिसेंबरभर रविवारी सकाळी आम्ही कातळावर असतो, या. बूट काढून टार्पवर बसा आणि बॅरल नॉट येत नसेल तर शिकूनच जा.