सही न करता झालेली सही

2024 च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दादर पश्चिमेच्या एका मोबाइलच्या दुकानातून मी मुलीसाठी फोन घेतला. दारावरच्या फलकावर ‘छापील किंमत 29,999, आज फक्त 24,999, व्याज शून्य, डाऊन पेमेंट शून्य’ असे ठळक लिहिले होते. प्रत्यक्षात त्या व्यवहारात मी 31,185 रुपये देणे लागलो, म्हणजे छापील किमतीपेक्षाही 1,186 रुपये जास्त. हा हिशेब दुकानातच केला असता तर हे लिहिण्याची वेळ आली नसती. आणि मी एका खासगी कंपनीत जमाखर्चच पाहतो, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही.

काउंटरवरचा मुलगा मराठी होता, बोलायला गोड होता आणि पहिल्या वाक्यापासून मला ‘काका’ म्हणत होता. रोखीने घेतल्यास काय भाव पडेल, असे मी विचारले, तेव्हा त्याने ती स्कीम फक्त फायनान्सवर असल्याचे सांगितले आणि लगेच कॅल्क्युलेटर माझ्यासमोर धरला. त्यावर 1,667 हा एकच आकडा होता. ‘महिन्याला फक्त एवढेच, काका, दीड वर्ष.’ पत्नीने एकूण किती होतात ते विचारले, तर ‘पंचवीस हजारांचाच फोन आहे, काकू’ असे उत्तर मिळाले, जे खोटे नव्हते आणि प्रश्नाचे उत्तरही नव्हते. चोवीस हजार नऊशे नव्व्याण्णवला अठराने भागले तर 1,389 येतात. उरलेले 278 रुपये दरमहा कशाचे, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही, कारण त्या कॅल्क्युलेटरवर भागाकार कधी दिसलाच नाही.

त्यानंतरची दहा मिनिटे मला आता जवळजवळ सेकंदागणिक आठवतात, कारण ती माझ्या जुन्या फोनच्या मेसेजमध्ये जशीच्या तशी जमा आहेत. मुलाने आधार आणि पॅन यांचे क्रमांक आपल्या टॅबलेटवर भरले, टॅबलेटचा पडदा पूर्ण वेळ स्वतःकडेच ठेवला आणि ‘ओटीपी येतील, मीच टाकतो’ म्हणून माझा फोनही मागून घेतला. सात बेचाळीसला पहिला ओटीपी आला, सात एकोणपन्नासला चौथा. त्या चारही मेसेजमध्ये तो ओटीपी कशासाठी आहे ते स्पष्ट लिहिलेले होते: ओळख पडताळणी, कर्जाच्या अटींना मान्यता, विम्याला संमती आणि बँक खात्यातून हप्ता वळता करण्याचा मँडेट. मी ते मेसेज वाचले नाहीत, तो मुलगा फक्त आकडे वाचत होता. शेवटी ‘फाइल चार्ज’ म्हणून 999 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी असे 1,179 रुपये मी यूपीआयने दिले, पिशवी हातात घेतली आणि फुलबाजारातून झेंडू घेऊन आम्ही घरी आलो.

2003 च्या पावसाळ्यात 501 रुपये भरून फोन हातात देणारी एक योजना आली होती, ती अनेकांना आठवत असेल. तेव्हा निदान कागदावर सही करताना हात क्षणभर थबकत असे. आता ओटीपी हीच सही आहे, आणि ती दुसऱ्याच्या बोटांनी होऊ शकते.

पहिला हप्ता 2 डिसेंबरला होता आणि माझा पगार 7 तारखेला होतो. तारीख मला कोणी विचारली नव्हती. हप्ता परत गेला, बँकेने 500 रुपये आणि जीएसटी मिळून 590 रुपये कापले, आणि कर्ज देणाऱ्या कंपनीनेही आपला दंड लावला. त्याची विचारपूस करायला फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी सहज स्वरात माझे कर्ज 29,997 रुपयांचे असल्याचे सांगितले. त्या रात्री ईमेल उघडून पाहिले. दुकानाच्या बिलात फोनच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती, ‘एक्स्टेंडेड वॉरंटी 2,999’. आणि कर्जाच्या कागदपत्रांत 1,999 रुपयांचा स्क्रीनचा विमा होता. दोन्ही गोष्टी मी मागितल्या नव्हत्या, दुकानात त्यांचे नावही निघाले नव्हते. या दोन्ही रकमा आणि फाइल चार्ज खर्चात धरला तर त्या शून्य टक्क्यांचे व्याज माझ्या हिशेबाने वर्षाला सुमारे तीस टक्के पडते.

रिझर्व्ह बँकेने 17 सप्टेंबर 2013 रोजीच बँकांना कळवले होते की क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के हप्त्यांच्या योजनांमध्ये व्याज पुष्कळदा प्रोसेसिंग फीच्या रूपात ग्राहकाकडून वसूल केले जाते आणि शून्य व्याज ही कल्पनाच मुळात अस्तित्वात नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून तर नव्या किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ हे तक्त्याच्या स्वरूपातले पत्रक देणे बंधनकारक झाले आहे. त्यात सर्व खर्च मिळून होणारा वार्षिक दर असतो, त्रयस्थ कंपनीच्या विम्याचे शुल्कही त्या दरात धरून वेगळे दाखवावे लागते, आणि पत्रकात नसलेले शुल्क ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय घेता येत नाही. मलाही हे पत्रक मिळाले होते, पण खरेदीनंतर, ईमेलने आणि इंग्रजीत. कर्जदाराला समजेल अशा भाषेत पत्रव्यवहार करण्याचे बंधन कर्ज देणाऱ्या कंपन्यांवर आहे, हे मला नंतर कळले. तीन दिवसांत कर्ज परत करून बाहेर पडण्याची मुदतही त्यात होती. ते तीन दिवस आमच्याकडे आपट्याची पाने वाटण्यात आणि नव्या फोनच्या कौतुकात गेले.

दुकानात पुन्हा गेलो तेव्हा तो मुलगा दिसला नाही. मालकांनी ‘आम्ही फोन विकतो, कर्ज त्यांचे’ असे सांगितले, आणि कर्ज देणाऱ्या कंपनीने ‘ओटीपी आपणच दिला आहे’ असे लेखी उत्तर पाठवले. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी इतके गुळगुळीत होते की बोट ठेवायला जागा सापडेना. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दुकानाविरुद्ध तक्रार नोंदवली. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला चारही ओटीपींच्या वेळांसह सविस्तर पत्र लिहिले, आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, असेही त्यात नमूद केले. मला वाटते काम झाले ते या शेवटच्या वाक्याने. सव्विसाव्या दिवशी विम्याचे 1,999 रुपये खात्यात परत आले. वॉरंटीचे मात्र आले नाहीत, कारण ती दुकानाने विकलेली वस्तू असून बिलावर छापलेली आहे.

फायनान्सवर फोन घेऊच नये, असे मी म्हणणार नाही. पगारदार माणसाला एकदम पंचवीस हजार काढणे नेहमी जमत नाही. मात्र सांगितलेल्या हप्त्याला महिन्यांनी गुणून, त्यात फाइल चार्ज मिळवून, येणारा आकडा विक्रेत्याकडून बिलाच्या मागे लिहून घ्यावा. तो लिहायला तयार नसेल तर तिथून उठावे. तोच फोन मला नंतर दोन दुकाने सोडून रोखीने 25,499 ला दिसला, म्हणजे फलकावरची पाच हजारांची सवलत जेमतेम पाचशेची होती. आपला फोन कोणाच्याही हातात देऊ नये. ओटीपीचा मेसेज स्वतः पूर्ण वाचावा, मागे कितीही रांग असली तरी.

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने बोरिवलीला हेच केले. विक्रेत्याने फोन मागितल्यावर तिने तो पर्समध्ये ठेवला आणि आधी एकूण रक्कम कागदावर मागितली. ‘सिस्टीममध्ये तसे दिसत नाही’ असे उत्तर आले, म्हणून ती परत निघाली. जिन्यापर्यंत पोचली तेव्हा तो आकडा सिस्टीममध्ये दिसू लागला होता, आणि त्यात वॉरंटी होती.

माझ्या मँडेटमध्ये कमाल रक्कम दरमहा 10,000 रुपये आहे आणि त्याची मुदत कर्ज संपल्यानंतरही काही वर्षे चालू राहते. शेवटच्या हप्त्यानंतर नो ड्यूज प्रमाणपत्र आणि मँडेट रद्द झाल्याची बँकेची पोच, हे दोन कागद हाती येईपर्यंत ती फाइल मी कपाटात ठेवणार नाही. सध्या ती टीव्हीशेजारीच आहे.