केजच्या ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ची पीटर्स आवृत्ती : आधी तक्ता, मग वादन

अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी १९४६ ते १९४८ या काळात ‘प्रिपेअर्ड पियानो’साठी, म्हणजे तारांत वस्तू अडकवून आवाज बदललेल्या पियानोसाठी, लिहिलेल्या १६ सोनाटा आणि ४ इंटरल्यूड्सची (मधल्या छोट्या रचनांची) पीटर्स या प्रकाशनसंस्थेची ही आवृत्ती उघडली की सुरांच्या आधी हार्डवेअरच्या दुकानाची यादी समोर येते. पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी ४५ स्वरांच्या तारांत स्क्रू, बोल्ट, नट, रबराचे १५ तुकडे, प्लॅस्टिकचे ४ आणि एक खोडरबर बसवायचा, मगच पहिलं पान वाजवायचं. नोटेशन केज यांच्याच सुबक हस्ताक्षरात छापलेलं आहे, ते वाचायला सुंदर आहे. ही रचना मंचावर न्यायची असेल तर ही प्रत घ्यावीच. वस्तू बसवण्याचा तक्ता मात्र आंधळेपणानं पाळू नये.

तक्ता काय सांगतो? कोणत्या स्वराला कोणती वस्तू, ती त्या स्वराच्या तीन तारांपैकी कोणत्या दोन तारांमध्ये (डावीकडून मोजायचं, १-२ किंवा २-३), आणि डँपरपासून (तारेवर टेकून तिचा आवाज थांबवणाऱ्या भागापासून) किती अंतरावर. मापं इंचांत आहेत, बरीचशी सुतांच्या (इंचाच्या आठव्या भागाच्या) हिशोबात आणि काही ठिकाणी अर्ध्या सुतापर्यंत. खोडरबर तर कंपनीचं नाव आणि क्रमांक देऊन नेमून दिला आहे : अमेरिकन पेन्सिल कंपनी, क्र. ३४६. तो ‘डी’च्या तारांवरून आणि शेजारच्या ‘सी’ व ‘ई’च्या तारांखालून ओवायचा. इतका काटेकोरपणा असूनही बोल्टच्या बाबतीत आवृत्ती तोकडी पडते. ‘लहान बोल्ट’, ‘मध्यम बोल्ट’, ‘फर्निचरचा बोल्ट’ एवढंच लिहिलंय, जाडी नाही. जाडी चुकली तर दोन तारा फाकतात, ताण वाढतो आणि स्वर उतरण्याऐवजी चढतो. म्हणून प्रत्येक प्रकाराच्या दोन-तीन जाडीच्या वस्तू आणाव्यात. बोल्ट तारांमध्ये अडकून राहील, पण तारा वाकवणार नाही, ती जाडी बरोबर.

मापांची खरी अडचण वेगळी आहे. ती एका विशिष्ट पियानोवर जमवलेली आहेत आणि तुमच्या पियानोच्या तारांची लांबी तीच असेल असं नाही. तारेच्या नेमक्या तिसऱ्या किंवा चौथ्या भागावर बोल्ट आला तर घंटेसारखा उपस्वर वाजतो, जरा सरकला की आवाज बसका आणि मिश्र होतो. मध्यसप्तकात तार साधारण ६० सेंटिमीटरची असते, तिथे दोन मिलिमीटरनं फारसं बिघडत नाही. वरच्या टोकाला तार पाच-सहा सेंटिमीटरची, तिथे तेवढ्याच फरकानं रंग बदलतो. खालच्या स्वरांसाठी पट्टीनं मोजा, वरच्यांसाठी कानानं ठरवा. मोठ्या कॉन्सर्ट ग्रँडवर (आडव्या तारांच्या मोठ्या पियानोवर) तर लोखंडी चौकटीची आडवी पट्टी नेमकी मापाच्या जागी येते, मग वस्तू अलीकडे-पलीकडे सरकवावीच लागते.

बसवायला दोन ते तीन तास धरावेत. पियानो आधी सुरात लावून घ्या, नोटेशनची फळी काढा. उजवं पेडल कुणीतरी दाबून धरावं, म्हणजे डँपर उचललेले राहतात आणि त्यांचा नमदा घासत नाही. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पाचरीनं तारा किंचित फाकवा, वस्तू ठेवा, पाचर हळूच काढा. स्क्रू तारांमध्ये पिळत नेऊ नका, आटे तार खरवडतात. तांब्याचं वेटोळं असलेल्या खालच्या तारांत धातू घालणं टाळा, तिथे रबर. ४५ स्वरांच्या ४५ लहान पिशव्या, प्रत्येकीवर स्वराचं नाव लिहून : ही सोय आवृत्तीत सांगितलेली नाही, पण पुढच्या वेळी तासभर वाचतो. एखादा बोल्ट शेजारच्या स्वराच्या तारेला टेकला तर नको तिथे भणभण ऐकू येते, डँपरला टेकला तर स्वर थांबतच नाही. नटांची खडखड मात्र मुद्दाम आहे, ती घट्ट करून घालवू नका. अपराइटवर (उभ्या तारांच्या पियानोवर) हे जमत नाही, वस्तू घसरून खाली जातात.

डाव्या पेडलकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ग्रँडमध्ये ते दाबल्यावर हातोड्या उजवीकडे सरकतात आणि तीन तारांपैकी डावीकडची सुटते. बोल्ट २-३ मध्ये असेल तर पेडलशिवाय पहिली मोकळी तार शेजारी गात राहते, पेडल दाबताच ती गप्प होते आणि फक्त कोरडा, लाकडी ठोका उरतो. एकाच पट्टीचे दोन आवाज! पेडलची खूण चुकवली तर केज यांनी घडवलेले अर्धे रंग हरवतात.

तयारी बरोबर झाली का, हे ताडायला मारो अजेमियन यांचं ध्वनिमुद्रण सोबत ऐकावं. ही रचना त्यांनाच अर्पण केलेली आहे. अर्मेनियन वंशाच्या या अमेरिकन पियानोवादिकेनं १९४२ मध्ये सोव्हिएत संगीतकार खाचातुरियन यांच्या पियानो कॉन्चेर्टोचा अमेरिकेतला पहिला प्रयोग केला, अमेरिकन संगीतकार होव्हानेस यांचं संगीत मंचावर आणलं आणि जानेवारी १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये हे संपूर्ण चक्र वाजवलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला डायल कंपनीनं त्यांची तबकडी काढली. मोनो आहे, वरचे स्वर पुसट आहेत, म्हणून रंगाची नक्कल तिच्यावरून करू नका. समतोल मात्र शिकण्यासारखा आहे : रबराचे बसके स्वर आणि धातूचे खणखणीत स्वर त्या एकाच वजनानं वाजवत नाहीत, बसक्यांना बोट जास्त देतात.

हे वजन महत्त्वाचं, कारण केज यांच्यासमोर भारतीय रसविचारातले स्थायीभाव आणि त्या भावांची शांतरसाकडे असलेली ओढ होती. कोणता सोनाटा कोणत्या रसाचा, हे त्यांनी लिहून ठेवलेलं नाही आणि आवृत्तीही सुचवत नाही, ते बरंच आहे. पण चौदावा आणि पंधरावा या जोड सोनाटांपर्यंत पोचताना एखादा बोल्ट सैल होऊन खणखणला तर तो शांतपणा तिथेच मोडतो. म्हणून मध्यंतरात मधल्या सप्तकातले बोल्ट एकदा बोटानं हलवून पाहावेत.