गोल्फ क्लबचं मैदान की पांडवलेणी?

दहावीतल्या भाच्याला रोज तासभर हलवायचं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. शाळेतला पीटीचा तास गणिताच्या सरांनी कधीच गिळलाय. मग आमच्या नाशिकमध्ये पर्याय दोन उरले.

गोल्फ क्लबचं मैदान, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, शहराच्या मधोमध. सायकलने जा, ट्रॅकवर पळा, साडेसातला घरी. सपाट जमीन, त्यामुळे वेग मोजता येतो. मागच्या आठवड्यापेक्षा किती सुधारलो ते घड्याळ सांगतं. आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचं कांस्य आणलं, हे सांगितलं की पोरं जरा जोरात पळतात. कंटाळा मात्र लवकर येतो. गोल गोल किती फिरणार?

पांडवलेणी मुंबई हायवेला, लांब. परीक्षेच्या दिवसांत रोज जमणार नाही. पण पायऱ्या चढताना मांड्या, पोटऱ्या आणि हृदय, तिघंही एकदम कामाला लागतात. शरीराचं वजन उचलल्याने हाडंही बळकट होतात. उतरताना गुडघ्यांवर भार येतो, तेव्हा उड्या मारत उतरू नये (भाचा मारतोच). वर 24 लेणी, म्हणजे इतिहासाचा धडा फुकटात.

आम्ही सोमवार ते शनिवार मैदान ठरवलं, रविवारी लेणी. खरं सांगू? रविवारी त्याला उठवावं लागत नाही.