फिल्मफ्रीवे : सीमाभागातून पहिला क्वीअर लघुपट पाठवताना

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या विद्यार्थ्याने दोन मुलांच्या किंवा दोन मुलींच्या प्रेमावर लघुपट केला, तर तो दाखवायचा कुठे हा प्रश्न चित्रीकरणापेक्षा अवघड ठरतो. स्नेहसंमेलनात विषय ऐकूनच नकार येतो. यूट्यूबवर सरळ टाकला, तर तासाभरात गल्लीतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचतो. महोत्सव हा त्यातला शहाणा रस्ता, आणि देशातल्या-परदेशातल्या कितीतरी महोत्सवांच्या प्रवेशिका आज फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावरून जातात.

ही कॅनडातली सेवा २०१४ पासून चालू आहे. खाते उघडायला आणि फिल्म चढवायला पैसे लागत नाहीत. जो तो महोत्सव ठरवेल ती प्रवेश फी भरायची. माहिती एकदाच भरायची आणि तेच पान हव्या तितक्या महोत्सवांना पाठवायचे, ही मोठी सोय आहे. पहिल्यांदा फिल्म करणाऱ्याला पाचपैकी चार गुण देऊन सुचवावी अशी ही सेवा आहे. कापलेला एक गुण कशाचा, ते पुढे येईलच.

आधी गोपनीयता, कारण आपल्याकडे तीच सर्वांत महत्त्वाची. कलम ३७७ मधून प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला वगळले, पण भाड्याची खोली आणि घरचे जेवण त्या निकालाने वाचत नाही. पान सर्वांना दिसावे की फक्त निवडलेल्या महोत्सवांना, हे सेटिंगमध्ये ठरवता येते. नवखे लोक ते न पाहताच पुढे जातात. मग कलाकारांची खरी नावे, फोटो आणि ट्रेलर कुणालाही शोधून सापडतात. म्हणून पान खासगी ठेवा, व्हिडिओला पासवर्ड लावा आणि दुसऱ्याच्या मोबाइलवरून, लॉगइन न करता, स्वतःच्या फिल्मचे नाव शोधून बघा.

संमतिपत्र चित्रीकरणाआधी घ्या, मराठी आणि कन्नड दोन्हींत. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा : श्रेयनामावलीत खरे नाव चालेल का, पोस्टरवर चेहरा चालेल का, महोत्सवानंतर फिल्म इंटरनेटवर टाकली तर चालेल का. एकाला होय आणि दुसऱ्याला नाही, असे उत्तर येणे अगदी स्वाभाविक आहे. पोस्टरवर पाठमोरी आकृती किंवा नुसते हात घेतले, तर निम्मी काळजी तिथेच मिटते.

आता सबटायटल. एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ४२ अक्षरे, आणि कुठलीही ओळ एका सेकंदापेक्षा कमी वेळ दिसू नये. परीक्षकांसाठीच्या प्रतीवर सबटायटल छापलेले ठेवा. शिवाय एक कोरी प्रत आणि सबटायटलची वेगळी एसआरटी फाइल जपून ठेवा, निवड झाल्यावर ती मागतात.

इथवरचे कुणीही सांगेल. सीमाभागाची खरी अडचण क्रियापदात आहे. प्रमाण मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ यांतून बोलणाऱ्याचे लिंग कळते. कन्नडमध्ये ‘नानु होदे’ म्हटले की ते कळत नाही. त्यामुळे पारलिंगी पात्र दुकानात मालकाशी कन्नड बोलून स्वतःला झाकते आणि संध्याकाळी मैत्रिणीपाशी ‘आज लवकर आले गं’ म्हणते, असा प्रसंग इथल्या प्रेक्षकाच्या काळजाला भिडतो. इंग्रजी सबटायटलमध्ये मात्र त्यातले काहीच उरत नाही. दोन्ही वाक्ये सारखीच दिसतात. यावर उपाय संवादातच शोधावा लागतो. मैत्रिणीने त्याच क्षणी ‘ताई’ म्हणावे आणि सबटायटलमध्ये ‘ताई’ हाच शब्द रोमन अक्षरांत ठेवावा, भाषांतर करू नये. दिग्दर्शकाच्या निवेदनात एक वाक्य याबद्दल लिहावे. ते वाचले जाते.

यात आणखी एक गाठ आहे. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात बायकाही ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. येळ्ळूरच्या मुलीने ‘आलो’ म्हटले तर इथे कुणाचे कान टवकारत नाहीत, पण पुण्याच्या परीक्षकाला ती पुरुषासारखी बोलते आहे असे वाटेल. तेव्हा पात्र कोणत्या गावची मराठी बोलते हे पटकथेतच ठरवा. अर्धे प्रमाण आणि अर्धे गावचे केले, तर लिंगबदलाचा सगळा अर्थ घसरतो.

सौंदत्तीचा यल्लम्मा डोंगर आपल्याच जिल्ह्यात असल्याने जोगप्पांवर, म्हणजे यल्लम्माला वाहिलेल्या, स्त्रीवेश घेणाऱ्या भक्तांवर, फिल्म करायचा मोह अनेकांना होतो. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या यात्रेत भंडाऱ्याची धूळ लेन्सवर बसते आणि बदलताना आत शिरते. म्हणून गर्दीत लेन्स बदलू नका, साध्या पारदर्शक फिल्टरवर काम भागवा. त्याहून जास्त जपायचे ते माणसाला. चौडके वाजवणाऱ्या, डोक्यावर जग (देवीची टोपली) घेतलेल्या व्यक्तीचा दुरून काढलेला चेहरा पोस्टरवर वापरणे योग्य नाही. विचारून, बसून, त्यांना स्वतःला काय म्हणवून घ्यायला आवडते ते ऐकून लिहा. सारांशात ‘गूढ’, ‘अनोखी दुनिया’ असले शब्द आले, की जाणता परीक्षक तिथेच सावध होतो.

तांत्रिक बाजू थोडक्यात. मोबाइलचा फ्रेम रेट बदलता असतो आणि संकलनात आवाज ओठांपासून सुटतो. चित्रीकरण सेकंदाला २५ फ्रेमवर पक्के करा, किंवा हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून फाइलचा फ्रेम रेट स्थिर करून घ्या. शटर १/५० ठेवले तर ट्यूबलाइट लुकलुकत नाही. हिंदी गाणे पार्श्वसंगीत म्हणून वापरू नका. हक्काची जबाबदारी फिल्म पाठवणाऱ्याची असते.

कापलेला गुण फी आणि बोगस महोत्सवांचा. फी बहुधा डॉलरमध्ये असते आणि नाकारले तरी परत मिळत नाही. नव्या कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करावे लागतात. त्यावर बँकेचे परकीय चलन शुल्क आणि जीएसटी वेगळा. मुदतीचे टप्पे असतात, पहिला टप्पा सर्वांत स्वस्त. काही महोत्सवांत विद्यार्थ्यांना सवलत असते, आणि फी माफीसाठी नम्र पत्र लिहिले तर काही आयोजक ऐकतात. दर महिन्याला ‘पुरस्कार’ वाटणारे, प्रत्यक्ष पडदा नसलेले महोत्सव मात्र टाळा. गेल्या वर्षी कुठल्या सभागृहात फिल्म दाखवल्या हे सांगता येत नसेल, तर तिथे एक रुपयाही घालू नये.

सुरुवात जवळच्यांपासून करा. मुंबईचा कशिश हा क्वीअर चित्रपट महोत्सव २०१० पासून चालू आहे. तिथे विद्यार्थ्यांच्या लघुपटांसाठी वेगळा पुरस्कार आहे, आणि उदयोन्मुख भारतीय दिग्दर्शकाला चित्रपट दिग्दर्शक रियाद वाडिया यांच्या नावाचा पुरस्कार मिळतो. बंगळूरचा क्वीअर चित्रपट महोत्सव राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने एका रात्रीच्या अंतरावर आहे. पाठवण्याआधी इतरांचे काम बघायचे असेल, तर ब्रिटिश कौन्सिल आणि बीएफआय फ्लेअर हा लंडनचा क्वीअर चित्रपट महोत्सव यांचा ‘फाइव्ह फिल्म्स फॉर फ्रीडम’ हा पाच लघुपटांचा उपक्रम २०१५ पासून इंटरनेटवर मोफत होत आला आहे.

निवड झाल्याचा मेल आला की आयोजक कॅटलॉगसाठी नावे आणि छायाचित्रे मागतात. छापलेला कॅटलॉग परत घेता येत नाही. ती पाठवण्याआधी संमतिपत्र पुन्हा काढा आणि प्रत्येक कलाकाराला फोन करून विचारा, उत्तर अजून तेच आहे का.