आईची थायरॉईडची गोळी बंद करायला लावली, वर ३६,५०० रुपये घेतले

माझ्या आईला बारा-तेरा वर्षांपासून थायरॉईड आहे. ग्रंथी कमी काम करते. रोज पहाटे उपाशीपोटी शंभर मायक्रोग्रॅमची एक गोळी, त्यानंतर पाऊणएक तास चहा नाही, एवढंच पथ्य. तीन-चार महिने पुरणारी बाटली दोन-सव्वादोनशे रुपयांना येते. तिचं सगळं छान चाललं होतं. तिला त्या दवाखान्यात मी नेलं, म्हणून हे लिहिण्याची जबाबदारीही माझीच.

जाहिरात मोबाईलवर आली होती : ‘थायरॉईड, मधुमेह, मुतखडा मुळासकट बरा. आयुष्यभराच्या गोळ्यांतून सुटका.’ मी पुण्याला, आई सांगलीला. ‘जन्मभर गोळी घ्यायची’ हे आईच्या मनाला लागून राहिलं होतं. मी फोन केला आणि दुसऱ्या शनिवारी आम्ही होमिओपॅथीच्या एका चकाचक क्लिनिकमध्ये बसलो होतो. शाखा बऱ्याच गावांत आहेत, नाव इथे देत नाही.

तिथल्या मॅडम आईशी तासभर बोलल्या. झोप, स्वप्नं, राग येतो का, सासूबाई कशा होत्या, सगळं विचारलं. नेहमीच्या डॉक्टरांकडे पाच मिनिटांत नंबर संपतो, त्यामुळे आईला फार बरं वाटलं. माणसं तिकडे का ओढली जातात ते मला तिथे कळलं. ते ऐकून घेणं खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण मग आम्हाला दुसऱ्या खोलीत पाठवलं. तिथे बसलेला मुलगा डॉक्टर नव्हता, ‘काउन्सेलर’ होता. ‘काकू, वर्षाचं पॅकेज बहात्तर हजारांचं, आज भरलंत तर छत्तीस हजार पाचशे. हप्ते पाडून देतो.’ आधारकार्ड, ओटीपी, दहा मिनिटांत कर्ज मंजूर. ते कर्ज आहे, आणि क्लिनिकला पूर्ण रक्कम त्याच दिवशी मिळाली आहे, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

निघताना मॅडम म्हणाल्या, ‘ती अ‍ॅलोपॅथीची गोळी आता थांबवा. ती आजार दाबून ठेवते, आमचं औषध काम करू शकत नाही.’ हे तोंडी सांगितलं. कागदावर मात्र बारीक अक्षरात छापलं होतं, ‘चालू औषधांबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’ तो कागद मी चार महिन्यांनी वाचला.

दहाव्या दिवशी त्यांच्याच लॅबमध्ये तपासणी झाली. टीएसएच, म्हणजे थायरॉईड कमी पडली की रक्तात वाढणारं संप्रेरक, ५.९. ‘बघा, गोळी बंद करूनही फारसा वाढला नाही!’ आम्ही पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. खरी गोष्ट अशी की ही गोळी सोडली तरी रक्तातलं तिचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. दहाव्या दिवशी आई जुन्याच गोळीच्या पुण्याईवर चालत होती. ही तपासणी दीड-दोन महिन्यांनी केली असती तर सगळं उघडं पडलं असतं. पुढची त्यांनी ठेवली सहा महिन्यांनी.

आई नेमाने झाकणात साबुदाण्यासारख्या चार गोळ्या घ्यायची, हात न लावता जिभेवर सोडायची. कांदा, लसूण, हिंग, कॉफी सगळं सोडलं. बाटलीवर औषधाचं नाव नव्हतं, नुसता कोड.

पहिली खूण आवाजाची. आई भजनी मंडळात म्हणते. फोनवर घोगरा आवाज यायला लागला, मला वाटलं सर्दी असेल. मग बद्धकोष्ठ, मग पायऱ्या चढताना दम. एप्रिलमध्ये, सांगलीच्या उन्हाळ्यात, ती स्वेटर घालून बसली होती. मी घरी गेले तेव्हा डोळ्यांखाली पाणी भरल्यासारखी सूज होती आणि हातातल्या बांगड्या मागेपुढे सरकत नव्हत्या. बोलताना शब्द शोधत होती. क्लिनिकला फोन केला तर उत्तर तयार : ‘दबलेला आजार बाहेर पडतोय. आधी वाढणार, मग जाणार. औषध लागू पडल्याची खूण आहे.’ कृपा करून हे वाक्य लक्षात ठेवा. बरं वाटलं तरी औषधाचा गुण आणि बिघडलं तरी औषधाचाच गुण, मग औषध चुकलं हे पेशंटला कळणार कधी?

आमच्या जुन्या डॉक्टरांनी आईकडे पाहिलं आणि आधी नाडीच धरली. अठ्ठेचाळीस. टीएसएच ८८. कोलेस्टेरॉलही चढलेलं. ‘अगं, मला एक फोन करायचास ना,’ एवढंच म्हणाले. हृदयाला झेपावं म्हणून ईसीजी काढून पंचवीसच्या गोळीपासून पुन्हा सुरुवात केली.

भांडून भांडून मी क्लिनिककडून औषधाचं नाव लिहून घेतलं : थायरॉइडिनम २००. प्राण्याच्या थायरॉईड ग्रंथीपासूनच हे बनवतात. माझी मावसबहीण ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तिने वहीवर मांडून दाखवलं. एक थेंब मूळ द्रव, नव्याण्णव थेंब अल्कोहोल किंवा पाणी, ही झाली पहिली पायरी. त्यातला एक थेंब घेऊन पुन्हा तेच. बाराव्या पायरीच्या आसपास मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याचीही आशा संपते. आईच्या बाटलीत दोनशे पायऱ्या होत्या. म्हणजे नाव ग्रंथीचं आणि आत साखर. याउलट १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा खराखुरा अर्क अशाच सुजलेल्या, मंदावलेल्या एका बाईला दिला, आणि ती पुढे अठ्ठावीस वर्षं जगली. शरीरात जे कमी पडतं ते भरून द्यावं लागतं, आईची रोजची गोळी तेच करते. ती काहीही ‘दाबत’ नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये होमिओपॅथीवरचे १७६ अभ्यास तपासले. कुठल्याही आजारावर ती गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा त्यांना सापडला नाही. हे मी आधी शोधलं असतं तर!

पैसे मागितले तर पावतीवरचं ‘परतावा नाही’ दाखवलं. हप्ते कापले जातच होते. बँकेत हप्ता थांबवू नका, क्रेडिट स्कोअर बिघडतो. आधी फायनान्स कंपनीला लेखी कळवा. मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद केली आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लागतोच असंही नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडेही द्या, कारण मधुमेह किंवा मुतखडा बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. ‘गोळी बंद करा’ हे माझ्याकडे लेखी नाही, तिथेच माझी बाजू लंगडी पडते. तुम्हाला असं कोणी सांगितलं तर तिथल्या तिथे म्हणा, लेटरहेडवर लिहून सही करून द्या.

आणि तुमच्या घरात कोणी सध्या अशी गोळी सोडून बसलं असेल, तर हे वाचून घाबरून जुना पूर्ण डोस एकदम सुरू करू नका, विशेषतः वय झालेलं असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर. उद्या सकाळी टीएसएच करा आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. आई आता पुन्हा शंभरच्या गोळीवर आलीय. आवाज अजून वरच्या पट्टीत पोचत नाही.