फास्ट अटॅक की स्लो? ढोलकी आणि गळा, दोघांचं वेगळं

घरी रेकॉर्डिंग करताना ढोलकी आणि आवाज दोन्हीला कॉम्प्रेसरचा (मोठा झालेला आवाज आपोआप दाबणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर) एकच प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, ठोकला की वाट लागते, म्हणून हे लिहितोय.

अटॅक म्हणजे आवाजाने थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर आवाज दाबायचा ती) ओलांडल्यावर कॉम्प्रेसरला पुरता दाब आणायला लागणारा वेळ. तेवढा वेळ तो गप्प बसतो असं नाही हां, काम लगेच सुरू होतं. ढोलकीवर 1 मिलिसेकंद ठेवला तर थापेचा तो सुरुवातीचा 'टक'च खाल्ला जातो आणि नुसती घुम उरते, तेच 20-30 वर नेलं की थाप सुटून जाते आणि दाब मागच्या घुमेवर पडतो. लावणीला मी डोळे झाकून स्लो घेणार. ढोलकी गायकाच्या डोक्यावर बसत असेल तरच 5 च्या आसपास या. गळ्याला मात्र इतका स्लो नको, 'ट' 'प' टोचायला लागतात, 5 ते 10 बरा.

रिलीजकडे, म्हणजे आवाज खाली आल्यावर दाब सुटायला लागणाऱ्या वेळाकडे, कोणी बघत नाही आणि घरच्या रेकॉर्डिंगचा खरा घोळ तिथेच असतो. 50 मिलिसेकंदवाला फास्ट रिलीज आवाज एकदम पुढे आणतो, पण दोन ओळींच्या मधे श्वास, पंखा सगळं वर येतं, आणि घोडबंदर रोडला लागून घर असेल तर रात्रीचे कंटेनरपण गाण्यात येतात. 300 च्या वर गेलात की शांत वाटतं खरं, पण आधीच्या शब्दाचा दाब सुटायच्या आत पुढचा शब्द आला की तो दबूनच येतो. गळ्याला 100-150 पासून सुरू करा. ढोलकीला टेम्पो बघा, मिनिटाला 120 बीट असतील तर एक बीट 500 मिलिसेकंदांचा, किती दाब पडतोय ते दाखवणारा मीटर त्याच्या आत शून्यावर आला पाहिजे. ढोलकीच्या धुमेला (जाड आवाजाची बाजू) अटॅक-रिलीज दोन्ही अगदी फास्ट ठेवू नका, 50 हर्ट्झची एक लाट 20 मिलिसेकंदांची असते, कॉम्प्रेसर त्या लाटेमागेच धावतो आणि आवाज फाटतो.

प्लगिन, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडायचा कॉम्प्रेसर, घ्यायचंय? 1176 आणि एलए-2ए या दोन जुन्या नावाजलेल्या कॉम्प्रेसरच्या नकला मिळतात. 1176 चा सगळ्यात स्लो अटॅकसुद्धा 800 मायक्रोसेकंद, एक मिलिसेकंदही नाही, म्हणजे वर सांगितलेलं 20-30 तिथे जमणारच नाही, त्यात नॉब उलटे, 7 वर सगळ्यात फास्ट. एलए-2ए ला अटॅक-रिलीजचे नॉबच नाहीत, अटॅक साधारण 10 मिलिसेकंद, अर्धा दाब 60 मध्ये सुटतो आणि उरलेला सावकाश, गळ्याला मस्त आहे पण ढोलकीला नाही. पहिलंच असेल तर दोन्ही सोडा, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबत फुकट येतो तोच कॉम्प्रेसर वापरा, त्यात आकडे मिलिसेकंदात समोर दिसतात.