लेकीच्या कानासाठी घेतलेला मफ नकली निघाला

नागपुरात किंवा आसपास ज्यांची मुलं रायफल शूटिंग शिकतात, त्या आईवडिलांसाठी हे लिहिते आहे. एका माणसाने आम्हाला ६,८०० रुपयांना गंडवलं. पैसे गेल्याचं वाईट वाटतंच. पण खरं नुकसान माझ्या लेकीच्या डाव्या कानाचं झालं आणि ते कुठल्याही तक्रारीने भरून येणारं नाही. त्या माणसाचं नाव लिहीत नाही, कारण त्याने सांगितलेलं नाव खरं नव्हतंच.

मुलगी सतरा वर्षांची. चार वर्षं ती १० मीटर एअर रायफल करत होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम धरायच्या प्रकारात, ब्राँझ मिळवलं. कोल्हापूरकडचा मुलगा, मध्य रेल्वेत नोकरीला. त्या दिवसापासून हिच्या डोक्यात ५० मीटरच बसलं. यंदा उन्हाळ्यात क्लबची .२२ रायफल, म्हणजे बारूदाच्या काडतुसाची, तिला सरावाला मिळाली आणि तिथून कानाचा विषय सुरू झाला.

एअर रायफलीचा आवाज फार नसतो, त्यामुळे इतकी वर्षं आम्ही कानाचा विचारच केला नव्हता. .२२ ची गोष्ट वेगळी. काडतूस एवढंसं असतं, पण कानाशी तिचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास जातो. अशा क्षणिक धडाक्यासाठी १४० हीच धोक्याची रेषा मानतात. मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या, रायफली तर १६० च्याही आसपास जातात. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो. दहा डेसिबल वाढले की आवाजाची ताकद दहापट होते. त्यात आमच्या रेंजवर वर पत्रे आहेत, म्हणजे एकच आवाज दोनदा कानावर येतो.

कोच सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कानात घालायचे साधे फोमचे इअरप्लग आणि वरून साधा मफ, म्हणजे दोन्ही कान झाकणाऱ्या वाट्यांचा बँड, घ्या. मुलीची अडचण अशी की ते घातल्यावर सरांचं बोलणं तिला ऐकूच येईना. "सर ओरडतात आणि मला कळतच नाही," असं ती रोज म्हणायची. तेवढ्यात पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या माणसाची जाहिरात आली. इलेक्ट्रॉनिक मफ, एका नामांकित परदेशी कंपनीचा. बाहेर माइक, आत छोटा स्पीकर, बोलणं ऐकू येतं आणि गोळी सुटली की सर्किट आवाज तिथेच दाबून टाकतं. असे मफ खरोखर असतात आणि चांगले असतात. म्हणूनच मला संशय आला नाही.

मी फोन केला. माणूस बोलायला फार गोड. "ताई, मुलीच्या कानाचा प्रश्न आहे, पैशाकडे नका पाहू. असली माल हाये, दुबईवरून येते." बिल मागितलं तर म्हणाला, बिल घेतलं तर अठरा टक्के वर लागतील. इतवारीत गोडाऊन आहे म्हणाला, पण तिथे या असं एकदाही म्हणाला नाही. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनखाली भेटला, खोका हातात दिला, मी तिथेच यूपीआयने पैसे पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. "माझ्या मिसेसचं खातं हाये," तो म्हणाला. मी पाठवून मोकळी झाले.

खोका पाहिला असता तर कोणीही फसलं असतं. चकचकीत, होलोग्राम लावलेला, आणि मोठ्या आकड्यात लिहिलेलं, एनआरआर ३४. हा आकडा म्हणजे आवाज किती कमी होतो त्याचं माप. चौतीस वाचून मला वाटलं, १४० मधून ३४ गेले की झालं. नंतर सरांनी समजावलं, तसं नसतं. हा आकडा प्रयोगशाळेतला असतो. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेसाठी हिशेब करताना त्यातून आधी ७ वजा करतात आणि उरलेल्याचं निम्मं धरतात. म्हणजे खरा ३४ असता तरी हाती येतात जेमतेम १३ किंवा १४. शिवाय नामांकित कंपन्यांच्या सर्वात जाड मफवरही ३१ च्या आसपासचाच आकडा असतो. इतक्या हलक्या मफवर ३४ पाहूनच मला शंका यायला हवी होती.

पहिल्या दिवशी चाळीस राउंड झाले. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आई, आवाज जरा जास्तच येतोय गं." मी त्याला फोन केला. त्याने विचारलं, मुलगी चष्मा लावते का? हो, लावते. मग ताई, चष्म्याच्या काडीमुळे फट राहते, केस मागे घ्यायला सांगा. आणि हे खरं आहे! चष्म्याच्या काडीने किंवा केसांनी मफची गादी कानाभोवती नीट बसत नाही आणि आवाज आत शिरतो. त्याने खरी गोष्ट सांगितली म्हणून त्याच्या खोट्या मालावर माझा आणखी विश्वास बसला. आम्ही चष्मा बदलला, पातळ काडीचा घेतला. त्यात आणखी दोन सत्रं गेली.

तिसऱ्या सत्राला शेजारच्या लेनवर एक काका .३१५ ची मोठ्या बोअरची रायफल घेऊन आले होते. त्यांनी पाच-सहा गोळ्या झाडल्या. लेक उठून आली ती डाव्या कानावर हात दाबूनच. कानाला दडे बसले होते. रात्री जेवताना तिने विचारलं, "आई, कुकर लावलास का?" कुकर ओट्यावर धुऊन पालथा ठेवलेला होता. तिच्या कानात शिट्टी वाजत होती आणि ती तिला स्वयंपाकघरातली वाटत होती.

मी परत त्याला फोन केला, या वेळी चिडून. आणि इथे त्याने दुसरा गळ टाकला. "मग ताई, कानाला कशाला, रायफलीलाच लावा ना." त्याच्याकडे म्हणे सायलेन्सर आहे, इंग्लंडमध्ये ज्याला साउंड मॉडरेटर म्हणतात तो. तिकडे सगळे शिकारी लावतात, एकदा लावला की मफ लागतच नाही. पंचवीस हजार, त्यातले दहा आधी. खोक्यावर 'बाइकचा पार्ट' लिहून कुरिअरने घरपोच. रायफल क्लबची आहे म्हटलं, तर म्हणाला, सरावापुरता लावा अन् काढून ठेवा, कोणाला काय कळते!

नशीब की मी आधी सरांना विचारलं. सर खुर्चीतून उठलेच. "मॅडम, तो चॅट मला दाखवा आणि त्याला एक शब्दही लिहू नका."

सरांनी जे सांगितलं ते प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं. इंग्लंड, फिनलंड, नॉर्वेत शिकारी मॉडरेटर वापरतात, हे खरं आहे. तो नळीच्या टोकाला बसतो, आत पडदे असतात, बारूदाचा गरम वायू त्यात अडकून हळूहळू बाहेर पडतो म्हणून धडाका कमी होतो. पण कमी होतो म्हणजे साधारण वीस ते तीस डेसिबलने. सिनेमातल्यासारखं 'फुस्स' होत नाही. शिवाय गोळी आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरपेक्षा जोरात गेली, तर ती हवेत स्वतःचाच कडाका करत जाते. त्या कडाक्याला नळीवरचं कोणतंही नळकांडं थांबवू शकत नाही. मोठ्या रायफलीला मॉडरेटर लावूनही तिकडचे जाणते लोक कानावर मफ ठेवतात.

आणि मुख्य म्हणजे भारतात ते आपल्यासाठी नाहीच. १९५९ च्या शस्त्र कायद्यात 'अग्निशस्त्र' या शब्दाच्या व्याख्येतच आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी जोडणी धरलेली आहे. म्हणजे ते नुसतं नळकांडं कायद्याच्या नजरेत बंदुकीसारखंच. २०१६ च्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीत ते पहिल्याच वर्गात आहे, जिथे निषिद्ध शस्त्रं आहेत. घरात सापडलं असतं तर मुलीचं शूटिंग राहिलं बाजूला, आम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढत बसलो असतो.

पुढे जे कळलं त्याने मला जास्त हादरवलं. आमच्याच ग्रुपमधल्या एका वडिलांनी दहा हजार भरले होते. वस्तू आली नाही. विचारलं तर तो माणूस म्हणाला, तुम्ही सायलेन्सर मागवला त्याचा चॅट माझ्याकडे आहे, पोलिसांकडे मीच जाऊ का? आणखी आठ हजार उकळले. ते भाऊ तीन महिने घरातही कोणाला बोलले नव्हते. माझ्याजवळ बोलताना त्यांचा आवाज कापत होता. मला तर वाटतं त्याच्याकडे सायलेन्सर कधी नव्हताच. नकली मफ विकायचा, तक्रार आली की सायलेन्सर पुढे करायचा, आणि माणूस एकदा त्यात अडकला की मफची तक्रारही आपोआप बंद.

सरांनी तो मफ टेबलावर ठेवून स्क्रूड्रायव्हरने उघडला. चांगल्या मफच्या वाटीत जाड फोम ठासून भरलेला असतो. यात सोफ्याच्या गादीतला असावा असा पिवळा स्पंज, बोटाएवढ्या जाडीचा, एका बाजूला निसटलेला. माइकसाठी पाडलेल्या भोकात माइक होता, पण भोवती ना रबर ना चिकटपट्टी. सरांनी वाटी ट्यूबलाइटसमोर धरली. त्या भोकातून आणि वाटीच्या सांध्यातून सरळ उजेड येत होता. माझी लेक शेजारी उभी होती. ती काहीच बोलली नाही, वाटी हातात घेऊन त्या उजेडाकडे बघत राहिली. मला त्या क्षणी जे वाटलं ते लिहिता येत नाही.

सामन्याचं तर आणखीच. आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमात बाहेरचा आवाज पकडणारं कोणतंही यंत्र असलेला मफ खेळाडूला चालत नाही. म्हणजे असली माल असता तरी स्पर्धेत तो काढूनच ठेवावा लागला असता. हे त्या माणसाने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

डॉक्टरांकडे जायला आम्ही सहा दिवस लावले. आज-उद्या बसलेले दडे सुटतील असं वाटत राहिलं. रामदासपेठेतल्या कानाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की इतके दिवस का थांबलात. धडाक्याने कान बधिर झाला तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दाखवायचं असतं, औषधाचा जो काही उपयोग होतो तो तेव्हाच. ऑडिओमेट्रीचा, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा, कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे. उजव्या कानाचे लाल गोल वर एका ओळीत. डाव्याच्या निळ्या फुल्या ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात पडाव्यात तशा खाली गेलेल्या आणि ८००० ला पुन्हा वर आलेल्या. डॉक्टर म्हणाले, गोळीच्या आवाजाची ही खूणच आहे. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या बाजूला असतो आणि उजव्यावर डोक्याची सावली पडते, म्हणून डावाच आधी जातो. कानाच्या आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

गोळ्या घेऊन थोडा फरक पडला. शिट्टी मात्र रात्री अजून वाजते. ती पंखा लावून झोपते, थंडी असली तरी, म्हणजे शिट्टी त्यात बुडते.

मी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, सायबरच्या पोर्टलवर तक्रार टाकली, बँकेलाही कळवलं. पैसे जाऊन महिना उलटला होता. अशा फोनला पहिले काही तास मोलाचे असतात, कारण पैसे खात्यात असतील तर अडवता येतात. तुमच्यावर वेळ आली तर माझ्यासारखं थांबू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही बोलले, त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं. त्या दुसऱ्या भाऊंना मी वकिलाकडे घेऊन गेले. धमकीला घाबरून आणखी पैसे देऊ नका, एवढं तरी त्यांनी ऐकलं आहे.

आता मफ कसा घ्यायचा ते सांगते, कारण बऱ्याच जणांनी विचारलं. मफच्या बँडवर किंवा वाटीवर कोरलेला मानकाचा क्रमांक बघा. युरोपचा ईएन ३५२ किंवा आपला आयएस ९१६७. क्रमांकही नकली छापता येतो, म्हणून दुकानातून जीएसटी बिलासकट घ्या आणि बिलावरचं नाव आणि पैसे जाणाऱ्या खात्याचं नाव एकच आहे का ते पाहा. घरी आणल्यावर वाटीत टॉर्च लावून अंधारात बघा. मिक्सर सुरू करून घाला, मग त्याच मिक्सरसमोर नीट बसवलेले साधे फोमचे प्लग घाला. महागडा मफ त्या स्वस्त प्लगपेक्षाही फिका पडला, तर तो रेंजवर नेऊ नका. प्लगही नुसता खुपसून चालत नाही. बोटांत पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग धरून वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचा. प्लगवर मफ घातला तर दोघांच्या आकड्यांची बेरीज होत नाही, मोठ्या आकड्यावर साधारण पाचच डेसिबल वाढतात. पण त्या पाचासाठी दोन्ही घालायचेच.

सरांचं बोलणं ऐकू येत नाही या अडचणीवर उपाय किती सोपा होता ते आता कळतंय. सर आता खांद्यावर हात ठेवतात, ती रायफल मोकळी करून खाली ठेवते, मागे येते, तिथे मफ काढून दोघं बोलतात. पंधरा सेकंद लागतात.

सध्या तिचं ५० मीटर बंद आहे, डॉक्टरांनी सहा महिने सांगितले आहेत. १० मीटरला जाते, तिथेही प्लग घालूनच. परवा त्या माणसाची जाहिरात दुसऱ्या एका ग्रुपवर दिसली. नंबर नवा, नाव नवं, फोटो तोच होलोग्रामवाल्या खोक्याचा. मी ॲडमिनला फोन करून ती काढायला लावली आणि तो नवा नंबर तक्रारीत जोडला.